काळी तीन

शर्मिलाने दोरीचं टोक हातात धरलं होतं, पण ती ओढत नव्हती. मोटरसायकलच्या मागच्या सीटवर बेंजो पार्टीचा साइड ड्रम आडवा ठेवून बुद्धरत्न त्याला फेऱ्यावर फेरे घालत होता आणि दर फेऱ्याला दोरी तिच्या बाजूने सैल पडत होती.

"जोर लाव गो जरा," तो म्हणाला. "नायतर वळनावर ह्यो माज्या आधी बिरवाडीला पोचायचा."

"पोचू दे की. तिथे तुमच्यापेक्षा त्याचीच वाट बघतायत."

बुद्धरत्न हसला. चिडवलेलं कुठलं आणि बोचलेलं कुठलं, हे त्याला लग्नाला बारा वर्षं झाली तरी ओळखता यायचं नाही. रविवार होता. रविवार म्हणजे गायन पार्टीच्या सरावाचा दिवस. शर्मिलाच्या वडिलांनी, रामजींनी, ही पार्टी उभी केली होती. ते गेल्यापासून अकरा वर्षं पेटीवर आणि गळ्यावर शर्मिला, ढोलकीवर तिचा नवरा, मागे कोरसला बयाबाई आणि आणखी तिघी, अशी बैठक ठरलेली. गेले तीन रविवार मात्र ढोलकी खुंटीला होती आणि ढोलकीवाला बिरवाडीला.

"दोन-दोन मिंटांची तर गानी हायत दीप्तीची," तो समजूत घातल्यासारखा म्हणाला. "धा म्हटली तरी ईस मिंटं. पाचला घरात हाय मी."

"मग तीन तास काय करता तिथे?"

"गानी दोन मिंटांची, भांडनं तासाची." त्याने गाठ मारून ड्रमवर थाप दिली. "तू चल ना. दीप्ती दरवेळी इचारते, शर्मी नाय आली?"

"मला वह्या तपासायच्यात."

गाडी वळणाआड गेली तरी ती अंगणात उभी राहिली. तळहाताला काथ्याचे दोन-तीन धागे चिकटले होते. ते तिने एकेक करून काढले आणि खाली टाकायचे सोडून मुठीत धरून ठेवले.

दीप्ती कुणी परकी असती तर बरं झालं असतं. ती त्यांच्याच वाडीतली, शर्मिलाच्या माहेरच्या दारासमोरच्या दारातली. दोघी एका वर्षी शाळेत गेल्या, एका उन्हाळ्यात सावित्री नदीच्या खोल कोंडीत पोहायला शिकल्या आणि आठव्या वर्षापासून रामजींच्या कोरसमध्ये शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. दीप्तीला सूर धरता यायचा नाही. म्हणून गाणं सुरू व्हायच्या आधी शर्मिलाने तिच्या कानाशी सूर गुणगुणायचा आणि दीप्तीने तो, ओंजळीतलं पाणी न्यावं तसा, सांडत सांडत शेवटच्या कडव्यापर्यंत न्यायचा, अशी वहिवाट पडली होती. रामजी म्हणायचे, "हिचा आवाज म्हणजे फाटकं पटकूर. पण वाऱ्यावर फडफडतं मोठं." सगळे हसायचे, दीप्ती सगळ्यांत जोरात. शर्मिलाच्या आवाजाबद्दल रामजी काही बोलत नसत. ती गायला लागली की नुसते डोळे मिटून घेत.

पुढे शर्मिला पोलादपूर तालुक्यातल्या एका डोंगरवाडीच्या शाळेवर मास्तरीण झाली. दीप्तीने केमिस्ट्री केली, औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीच्या लॅबमध्ये लागली आणि बिरवाडीत खोली घेऊन राहिली. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "दिवसाला पन्नास नमुने तपासते, अठ्ठेचाळीस नापास होतात. उरलेले दोन लग्न झालेले निघतात."

या दीप्तीला दिवाळीनंतर एक खूळ लागलं. एका दुपारी ती शर्मिलाच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून बसली आणि तिने इअरफोनचं एक बोंडुक शर्मिलाच्या कानात घातलं, दुसरं स्वतःच्या.

शर्मिलाने लाटणं थांबवलं. "भांडतायत का हे?"

"गातायत."

"तीनच कॉर्ड आहेत. पुन्हा पुन्हा तेच."

"तीनच लागतात. ह्याला पंक म्हणतात. कंपनीच्या बसमध्ये फोनने आपणहूनच लावून दिलं, आणि मी गेटवर उतरायची विसरले. पन्नास वर्षं झाली ह्याला, शर्मे. लंडन, न्यूयॉर्क. तेव्हाचे रॉकवाले लय मोठे झाले होते. एकेक गाणं वीस वीस मिनिटांचं, स्टेजवर धूर, गिटारवाला डोळे मिटून एकटाच आळवतोय. आणि खाली पोरं बेकार, खिशात दमडी नाय. मग ती म्हणाली, आम्हाला येत नाय, पण आम्ही वाजवणार. दोन मिनिटांत काय ते बोलणार आणि खाली उतरणार. स्वतःच झेरॉक्स काढून मासिकं वाटायचे. एकात म्हणे तीन कॉर्डची चित्रं काढलीवती आणि खाली लिहिलंवतं, ही घ्या तीन, आता बँड काढा."

"येत नाही, तरी वाजवणार," शर्मिला म्हणाली.

"हां. तेच तर."

शर्मिलाने कानातलं काढून तिच्या हातात दिलं. पोळी तव्यावर टाकली. अठ्ठावीस वर्षं ती पहाटे उठून खर्ज लावत होती. आंबट खात नव्हती, सर्दीच्या दिवसांत गळ्याला रुमाल बांधून शाळेत जात होती. पोळीला एक फोड आला, तिने तो कालथ्याने जरा जास्तच दाबला.

महिन्याभरात दीप्तीने जुनी गिटार मिळवली. ती वाजवायला खोलीतली जोडीदारीण सेजल तयार झाली. सेजल महाड शहरातली, कंपनीत पॅकिंगला, शाळेत असताना चार महिने गिटारच्या क्लासला गेलेली. अॅम्प्लिफायर बेंजो पार्टीचा. आणि ड्रमला माणूस हवा होता, तो शर्मिलाच्या घरातून गेला.

तेव्हापासून शर्मिला पोलादपूरच्या एसटीत खिडकीशी बसून पंकबद्दल वाचायला लागली. सावकाराच्या घरात शिरून भिंती ठोकून बघाव्यात, तशी. कुठेतरी पोकळ वाजेल, मग म्हणता येईल, हे बघ, हे असं आहे. तिला कळलं की या गाण्याच्याही आधी गॅरेजमध्ये बसून वाजवणारी पोरं होती. लंडनच्या गल्ल्यांत कॅरिबियन बेटांवरून आलेल्या माणसांचं रेगे संगीत शेजारीच वाजत होतं आणि दोन्ही बाजूंची पोरं एकमेकांच्या नाचाला जात होती. पुढे अमेरिकेत काहींना पंकही मवाळ वाटू लागलं, त्यांनी ते मिनिटावर आणलं, त्याला हार्डकोर नाव पडलं. काहींना नुसत्या गोंगाटाचा कंटाळा आला, त्यांनी त्यात रिकाम्या जागा सोडल्या, ते पोस्ट-पंक. आणि नव्वदच्या दशकात काही मुली स्टेजवर चढल्या आणि म्हणाल्या, पोरांनो मागे सरा, मुलींनो पुढे या. कशेडीच्या डोंगराकडे बघत ती हे ऐकत राहायची. एकदा एका मुलीचा आवाज ओळीच्या मधोमध चिरला. शर्मिलाने ती जागा तीनदा मागे नेऊन ऐकली. मुद्दाम चिरला की चुकून, ते तिला ठरवता येईना. मग तिने ठरवलं की चुकूनच.

"हे पंक नव्हे," ती एकदा दीप्तीला म्हणाली. "हे हार्डकोर. चार-पाच वर्षांनंतरचं."

दीप्ती बघत राहिली. "शर्मे, तुला माझ्यापेक्षा जास्त कळतंय ह्यातलं. तू का नाय येत गो?"

इतक्या सरळ आनंदाने ती हे म्हणाली की शर्मिलाला तिच्या तोंडावर पाणी फेकावंसं वाटलं.

एप्रिलमधली जयंती वाडीत मे महिन्यात होते, मुंबईकर सुट्टीला आलेले असतात म्हणून. बैठकीत मंडळाने ठरवलं की यंदा गायन पार्टीने साडेपाचला सुरू करावं आणि शेवटची वीस मिनिटं दीप्तीच्या बँडला द्यावीत.

"शेवटची?" शर्मिलाने विचारलं.

"ड्रमचा सांगाडा मांडायला टाइम लागतो, वहिनी," कुणीतरी म्हणालं. "मध्ये मांडून परत काढायचा म्हंजे खोळंबा."

कारण बिनतोड होतं. शेवटचं गाणं म्हणजे वाडीतल्या माणसांनी ज्याच्या ओळी घरी जाताना गुणगुणायच्या ते गाणं. ते रामजींचं असायचं आणि त्यांच्यामागे शर्मिलाचं. तिने मान हलवली. बैठक संपल्यावर सतरंज्या घडी करायला ती थांबली, आणि एरवी चौघी मिळून घडी करतात ती मोठी सतरंजी तिने एकटीने ओढून ओढून घडी केली.

जयंतीच्या दिवशी पार्टी बसली तेव्हा ऊन अजून मंडपाच्या झालरीवर होतं. शर्मिला चांगली गायली. पुढच्या रांगेत कुशाबा होता. रामजींचा जोडीदार, एके काळचा बुलंद गळा. आता त्याचा आवाज गेलेला, मान डोलावून दाद द्यायचा. मुंबईकर खुर्च्यांत रेलून ऐकत होते. कुणी फोनवर फोटो काढत होतं, कुणी आईसफ्रूटच्या काड्या चघळत होतं. चौथ्या गाण्याला एक म्हातारी झोपली, तिच्या तोंडावर समाधान होतं. टाळ्या पडल्या, त्या शर्मिलाला ओळखीच्या होत्या. पाहुण्याने चहा झाल्यावर कपबशी सरळ करून ठेवावी तशा.

मंडपामागे दीप्ती ओढणी कमरेला बांधून उभी होती. तळहात घामाने ओले, ते ती कुर्त्याला पुसत होती.

"शर्मे, सूर दे की."

ती हे आठ वर्षांची असल्यासारखं म्हणाली. गिटार घेऊन सेजल शेजारी उभी होती. गिटारच्या मानेवर एक क्लिप लावलेली असते, ती पुढे सरकवली की गाण्याची पट्टी वर चढते, मागे आणली की उतरते. सरावात त्यांची पट्टी काळी दोन होती. बुद्धरत्नने तसं सांगितलं होतं, आणि दीप्तीचा जाड, खालचा गळा तेवढाच वर जातो, हे शर्मिलाला कुणी सांगायला नको होतं.

तिने पेटी उघडली. भात्याला हात घातला. बोट काळी दोनवर ठेवलं. मग ते दोन पांढऱ्या ओलांडून काळी तीनवर गेलं. बघणाऱ्याला बोटभर अंतर. गाणाऱ्याला अख्खा जिना.

"क्लिप तीन घरं पुढे घे," ती सेजलला म्हणाली.

"पण मॅडम, सवय तर..."

"उघड्यावर आवाज बसतो. स्टेजवर पट्टी चढीच घ्यायची असते. माझे वडील असंच करायचे."

रामजी असं कधीच करत नसत. सेजलने क्लिप सरकवली. दीप्तीने कान पेटीजवळ आणला, डोळे मिटले, सूर ऐकला आणि मान डोलावली. तिला ते अंतर कळलंच नाही. पेटी मिटताना शर्मिलाला वाटलं, लंडनच्या माणसांना चालत असेल. पण ही रामजींच्या वाडीतली माणसं आहेत. ह्यांना सूर कळतो. गळा फुटला की हसतील, आणि पुढच्या साली शेवटचं गाणं ठिकाणावर येईल.

बुद्धरत्नने काठ्या आपटून चार मोजले आणि दीप्तीने तोंड उघडलं.

*डबा उघड, पिशवी उघड,*
*रुमालाची घडी उघड.*

कंपनीच्या गेटवर शिफ्ट सुटताना बायकांची झडती होते, तिचं गाणं होतं. मागच्या बाजूला कंपनीत कंत्राटावर काम करणाऱ्या पंधरा-वीस बायका बसल्या होत्या. त्यांच्यातली एक हसली, तिने दुसरीला कोपराने ढोसलं. चाल ओळीओळीला वर चढत होती. शर्मिला पेटीमागे बसून वाट बघत होती. तिला जागा ठाऊक होती. चौथ्या ओळीत, 'मूठ' या शब्दावर.

*आठ तास विकले तुला,*
*आता तुझी मूठ*

आणि तिथे दीप्तीचा आवाज फुटला. जिथे फुटेल असं शर्मिलाने मोजलं होतं तिथेच, तसाच. वाळलेली फांदी पायाखाली मोडावी तसा कडकन. पुढचा शब्द आलाच नाही. दीप्ती तोंड उघडं ठेवून उभी राहिली. बुद्धरत्नच्या काठ्या चालू होत्या.

"उघड," मागून एक बाई म्हणाली.

ती उभी राहिली होती. मग तिच्या शेजारची उभी राहिली. दुसऱ्या फेरीला 'मूठ' पुन्हा फुटला आणि यावेळी पंधरा-वीस गळ्यांनी एकदम तो शब्द पुरा केला. तिसऱ्या फेरीला मुंबईकरांच्या खुर्च्या सरकल्या. पेंगणारी म्हातारी जागी होऊन इकडेतिकडे बघत होती. दोन मिनिटांत गाणं संपलं आणि लोकांनी ते आणखी तीनदा म्हणायला लावलं. बाकीची नऊ गाणी तशीच राहिली. कुणी हसलं नाही.

खाली उतरल्यावर बयाबाईने दीप्तीच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. "पन गान्याच्या शेवटी नाव कुनाचं आलं नाय गो. रामजीचं यायचं."

"नाव टाकलं तर उद्या गेटवर मलाच अडवतील ना, मावशे," दीप्ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

बयाबाई मग शर्मिलाकडे वळली. "तुजं गानं आयकलं की कशी निवांत झोप लागती, बाय. जीव थंड होतो. हिचं आयकून मातर उठून बसाय झालं."

शर्मिला हसली. पेटीच्या कड्या लावताना एक कडी बसेना. तिने ती तशीच सोडली.

गर्दीतून वाट काढत दीप्ती तिच्याकडे आली आणि तिने तिला गच्च मिठी मारली. अंग तापलेलं होतं, काळीज धडधडत होतं. "तुला कसं कळलं गो?" ती कानाशी म्हणाली. "काळी दोनवर हे झालंच नसतं. पट्टी तू लावलीस. मी सगळ्यांना सांगणार."

आणि तिने सांगितलं. गाण्याची चित्रफीत फोनाफोनी फिरत पुण्याला पोचली. तिथल्या एका हॉलमध्ये जूनच्या पहिल्या रविवारी असल्याच गाण्यांचा कार्यक्रम होता, त्यांनी बोलावलं. त्या चित्रफितीखाली दीप्तीने लिहिलं होतं: पट्टी, शर्मिला. शाळेतल्या बाईंनी फोन करून अभिनंदन केलं. कुशाबा वाटेत भेटला, त्याने बोटाने आधी तिच्याकडे, मग आभाळाकडे खूण केली. म्हणजे रामजी खूश असतील.

बँडचा सराव आता रोज होऊ लागला, आणि रोज काळी तीनवरच. बुद्धरत्न घरी येऊन सांगायचा. दीप्ती ज्येष्ठमध चघळते. दीप्ती शिफ्टवर खुणेने बोलते. दीप्ती म्हणते, घसा बसला तर बसू दे, त्या शब्दावर फुटला म्हंजे झालं.

शर्मिला ऐकून घ्यायची. तिच्या कानाला जे कळत होतं ते त्या खोलीत कुणाला कळत नव्हतं. कुशाबाचा आवाज असाच गेला होता. आधी तो वरच्या जागेवर चिरायला लागला आणि लोक म्हणाले, वा, काय दर्द आहे. कुशाबा दर वेळी तीच जागा घेऊ लागला. रामजी सांगायचे, खाली ये, खाली ये. कुशाबा म्हणाला, माझ्यावर जळतोस तू. मग एका हंगामात चिरणं थांबलं आणि नुसती हवा यायला लागली. डॉक्टरांनी घशात गाठी सांगितल्या. त्यानंतर कुशाबाने कुणाला हाक मारलेली वाडीने ऐकली नाही.

सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर ते कसं ऐकू आलं असतं, हेही तिला ऐकू येत होतं. आणि त्याच्याही खाली, कोंडीच्या तळाशी गार पाणी असतं तसं, काहीतरी होतं जे सांगू देत नव्हतं. ती पहाटे खर्ज लावायची आणि आपला स्वच्छ, अखंड सूर ऐकताना तिला बरं वाटायचं. एक दिवस गेला. चार गेले. आठ गेले.

नवव्या दिवशी ती सुट्टीतल्या प्रशिक्षणासाठी एसटीत असताना फोनवर एक आवाजी निरोप आला. शिक्षण खात्याचा असेल म्हणून तिने तो कानाला लावला. "उद्या ये ना. शेवटचा रविवार आहे. पुढच्या शनिवारी आपल्याला निघायचंय." कुणी म्हातारी बाई बोलत होती, दम लागलेली. शर्मिलाने विचार केला, ही कोण, आणि हिला माझा नंबर कुणी दिला. मग तिने नाव बघितलं.

समोरच्या घरातून पंचवीस वर्षं जो आवाज तिला हाका मारत आला होता, जत्रेच्या गर्दीत पाठ असली तरी ज्याच्या दिशेने तिची मान वळायची, तो तिला ओळखू आला नव्हता. गाडी चढणीला लागली. तिने निरोप पुन्हा लावला नाही.

रविवारी बुद्धरत्न ड्रम बांधायला लागला तेव्हा ती पेटी घेऊन बाहेर आली.

"एवढं सगळं एका गाडीवर कसं मावंल?" तो म्हणाला.

"मी रिक्षाने येते. तुम्ही व्हा पुढे."

बिरवाडीची ती खोली पत्र्याची, सकाळपासून तापलेली. दाराशी पॅकिंगचे बूट, भिंतीला शिफ्टचं वेळापत्रक, कोपऱ्यात अॅम्प्लिफायर. शर्मिलाला दारात बघून दीप्तीने दोन्ही हात वर केले. बोलली नाही, गळा राखत होती. सेजलने बसायला उशी दिली. बुद्धरत्नने चार मोजले.

शर्मिला डोळे मिटून बसली. पहिल्या तीन ओळी घोगऱ्या, पण उभ्या होत्या. मग 'मूठ' आला, आणि तिथे काही फुटलं नाही. सायकलच्या ट्यूबमधून जाते तशी हवा गेली. बुद्धरत्नने काठ्या थांबवल्या. दीप्तीने घसा खाकरला आणि पुन्हा मोज म्हणून खूण केली.

"थांब," शर्मिला म्हणाली. "पट्टी खाली घे."

"का?" दीप्ती कुजबुजली. तेवढंच तिला जमत होतं. "तिथे फुटायलाच हवा ना."

"हे फुटणं नव्हे. मुकं होणं आहे. ह्या पट्टीवर पुण्यात गायलीस तर परत बोलता येईल की नाही सांगता येत नाही."

"पण मॅडम, पुण्याचे लोक तोच आवाज ऐकायला येणार," सेजल म्हणाली. "व्हिडिओ बघून बोलावलंय त्यांनी. नीट गायली तर त्यात काय राहिलं?"

"तुम्हीच लावलीवती ना पट्टी, मॅडम," बुद्धरत्न गमतीने म्हणाला. घरातही तो तिला कधी कधी मॅडम म्हणायचा.

दीप्ती डोकं एका बाजूला कलवून शर्मिलाकडे बघत होती. मग तिच्या चेहऱ्यावर जुनं, चिडवणारं हसू आलं. लहानपणी एकीला नवा फ्रॉक आला की दुसरी जे विचारायची, तेच तिने त्या गेलेल्या आवाजात विचारलं.

"जळतेस काय गो?"

बुद्धरत्न हसला. सेजलही हसली. दोघं शर्मिला हसायची वाट बघत राहिले.

"हो," शर्मिला म्हणाली.

खालच्या रस्त्याने कंपनीची बस गेली, पत्रे थरथरले.

"जळते. जयंतीला काळी तीन मी मुद्दाम लावली. तुझा आवाज फुटावा आणि माणसांनी हसावं म्हणून. आणि घसा जातोय हे मला आठ-नऊ दिवस कळत होतं."

बुद्धरत्न काठ्यांकडे बघत होता. मग त्याने त्या ड्रमवर ठेवल्या, आवाज न करता, एकीशेजारी एक. दीप्तीचं हसू लगेच गेलं नाही. दारातून निघून गेलेल्या माणसाची चप्पल मागे राहावी, तसं ते तिच्या ओठांवर थोडा वेळ राहिलं. तिने शेजारचा कोमट पाण्याचा पेला उचलला. तो रिकामा होता. तिने तो तोंडाला लावला आणि खाली ठेवला. लॅबमध्ये नमुन्याचा रंग बदलायची वाट बघत ती अशीच उभी राहत असेल, कुणाशी न बोलता, मान जराशी वाकवून.

सेजलचा हात क्लिपवर होता. ती काढावी की राहू द्यावी, हे तिला कुणी सांगत नव्हतं.

शर्मिलाने पेटीची कडी काढली, पण पेटी उघडली नाही. आता उठून जायला सांगितलं तर आधी पेटी उचलायची की चपला घालायच्या, एवढाच विचार तिच्या डोक्यात होता.

दीप्तीने तिच्याकडे पाहिलं नाही. ती सेजलच्या बोटांखालच्या त्या क्लिपकडे बघत होती.

"किती घरं खाली?" तिने विचारलं.